परीक्षा देऊन क्रेडिट, घरबसल्या इतिहासाची पदवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत, विशेषतः न्यू जर्सीच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. विचारणाऱ्यांत एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर) आलेल्या, भारतात बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या बायका असतात. वर्षानुवर्षं कोडिंग करून आता गडकिल्ल्यांच्या नादाने इतिहासाकडे वळलेले असतात. कॉलेज अर्धवट सोडलेलेही असतात. शुल्क आणि नियम दरवर्षी थोडेफार सरकतात, म्हणून पैसे भरण्याआधी विद्यापीठाचा चालू कॅटलॉग उघडून बघाच.

परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

अमेरिकेत पदवी ही क्रेडिट्सची बेरीज असते. बॅचलर पदवीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात आणि एका सेमिस्टरचा एक कोर्स बहुधा ३ क्रेडिट्सचा असतो. म्हणजे चाळीसेक कोर्स झाले. त्यातला एखादा विषय तुम्हाला आधीच येत असेल किंवा स्वतः वाचून तयार करता येत असेल, तर अख्खं सेमिस्टर काढण्याऐवजी एक प्रमाणित परीक्षा द्यायची. पास झालात की त्या कोर्सची क्रेडिट्स तुमच्या नावावर.

या परीक्षांत सगळ्यांत मोठी क्लेप. एसएटी ही कॉलेज-प्रवेशाची परीक्षा घेणारं कॉलेज बोर्डच ती १९६७ पासून घेतं. दुसरी डीएसएसटी. ती मुळात अमेरिकी सैनिकांसाठी निघाली आणि पुढे सगळ्यांना खुली झाली. काही विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षाही असतात, जशी थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीची टेसेप.

आपल्याकडच्या ‘बाहेरून बी.ए.’ची आठवण होणं साहजिक आहे, पण मामला वेगळा आहे. बाहेरून बसणारा विद्यार्थी त्याच विद्यापीठाचे सगळे पेपर वर्षाच्या शेवटी देतो. इथे परीक्षा घेणारी संस्था एक, क्रेडिट देणारं विद्यापीठ दुसरं आणि प्रत्येक विषय सुटा. मधे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही तिसरी संस्था असते. कोणत्या परीक्षेला किती गुणांवर किती क्रेडिट्स द्यावीत, याची ती फक्त शिफारस करते. मानायचं की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. म्हणून आधी परीक्षा देऊन मग विद्यापीठ शोधू नका. आधी विद्यापीठ ठरवा.

मग अख्खी पदवी परीक्षांवरच मिळते का?

नाही. इतिहासात तर नाहीच.

परीक्षांनी खालचा मजला भरून निघतो : इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि इतिहासाचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे ओळखीचे कोर्स. त्यावरचं काम वेगळं असतं. मूळ कागद वाचणं, दोन इतिहासकारांचं कुठे आणि का पटत नाही ते पकडणं, पंधरा-वीस पानांचा लेख तळटीपांसकट उभा करणं, याला बहुपर्यायी परीक्षा कुठून असणार? माझं मत स्पष्ट आहे. खालच्या क्रेडिट्सवर परीक्षा देऊन जो पैसा आणि वेळ वाचेल, तो वरच्या पाच-सहा कोर्सवर सैल हाताने खर्च करा. तिथेही सगळ्यांत स्वस्त आणि सोपं शोधत राहिलात, तर पदवी हातात येईल आणि इतिहास मात्र यायचा राहील.

अशी क्रेडिट्स मोठ्या प्रमाणावर मानणारी विद्यापीठं कोणती?

तीन नावं नेहमी ऐकू येतात. थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी न्यू जर्सीत ट्रेंटनला आहे, १९७२ पासून. एक्सेल्सियर युनिव्हर्सिटी न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला आहे. तिची सुरुवात १९७१ मध्ये राज्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या रीजंट्स मंडळाचा एक कार्यक्रम म्हणून झाली. तिसरं चार्टर ओक स्टेट कॉलेज कनेक्टिकटमध्ये, १९७३ सालचं. तीन वर्षांत तीन शेजारी राज्यांनी एकाच विचाराने ही दारं उघडली : नोकरी-संसार करणाऱ्या प्रौढ माणसाला जे येतं, ते त्याने कुठून शिकलं हे महत्त्वाचं नाही, येतं की नाही ते तपासा आणि क्रेडिट द्या.

जाता जाता : थॉमस एडिसन विद्यापीठ एडिसन गावात नाही. आपली निम्मी मंडळी एडिसनमध्ये राहत असल्यामुळे ‘इथेच कुठेतरी असेल’ असं पुष्कळांना वाटतं. एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्या गावात होती, विद्यापीठ ट्रेंटनलाच. आणि तसंही तुम्हाला तिथे जावं लागत नाही.

या तिघांत इतिहासाची बी.ए. म्हणून मी थॉमस एडिसनकडे आधी बघायला सांगतो. न्यू जर्सीच्या रहिवाशांना शुल्कात सवलत असते, हे एक कारण. बाकीच्या बहुतेक विद्यापीठांत परीक्षेच्या क्रेडिट्सवर मर्यादा असते आणि मुख्य विषयात ती आणखी कडक असते. तुमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजातही विचारा. तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी करून पुढे जाणं काहींना जास्त सोयीचं पडतं.

इतिहासाच्या परीक्षा कोणत्या आहेत?

क्लेपच्या चार. अमेरिकेचा इतिहास भाग एक : वसाहतींपासून १८७७ पर्यंत. भाग दोन : १८६५ पासून आजपर्यंत. पाश्चात्त्य संस्कृती भाग एक : मेसोपोटेमिया-इजिप्तपासून १६४८ पर्यंत. भाग दोन : १६४८ पासून पुढे. प्रत्येकी ३ क्रेडिट्स. या चारांनी १२ क्रेडिट्स होतात आणि इतिहासाच्या बहुतेक पदव्यांत हे चार कोर्स कुठे ना कुठे बसतात.

भागांच्या सीमा नीट बघा. अमेरिकेचा भाग एक जरी कोलंबसपासून सुरू होत असला, तरी जवळजवळ ७० टक्के प्रश्न १७९० नंतरचे असतात. भाग दोनमध्येही तेच. यादवी युद्धानंतरची पन्नास वर्षं ३० टक्क्यांत आटोपतात आणि उरलेला सगळा भर १९१५ नंतरच्या काळावर. लोक काय करतात, पिल्ग्रिम, प्युरिटन, सेलमचे चेटकिणींचे खटले हे सगळं मन लावून वाचतात आणि अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनपाशी येईस्तोवर दम संपतो. पुस्तक मधून उघडून वाचायला लाज वाटू देऊ नका.

पाश्चात्त्य संस्कृतीतलं १६४८ म्हणजे वेस्टफालियाचा तह, तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट. शिवाजी महाराज तेव्हा अठरा वर्षांचे होते. असे समकालीन धागे मनात बांधून ठेवले की युरोपचा सनावळीचा गुंता बराच सुटतो.

डीएसएसटीत यादवी युद्ध आणि पुनर्रचनाकाळ, व्हिएतनाम युद्ध, सोव्हिएत संघाचा इतिहास असे खास विषय मिळतात. यांचं मोल असं, की त्यातल्या काही परीक्षांना वरच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीच्या क्रेडिट्सची शिफारस आहे. ही चीज क्लेपच्या इतिहासात मिळत नाही. तुमचं विद्यापीठ कोणती परीक्षा कोणत्या पातळीला धरतं, ते सल्लागाराकडून लेखी घ्या.

क्लेपची ‘सामाजिक शास्त्रं आणि इतिहास’ अशी एक ६ क्रेडिट्सची परीक्षाही आहे. ती मुख्य विषयात सहसा धरत नाहीत, सामान्य शिक्षणाच्या रकान्यात जाते. एकाच विषयाला दोनदा क्रेडिट मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. ज्यांनी शाळेत एपीचा (कॉलेजच्या पातळीचा) अमेरिकन इतिहास चांगल्या गुणांनी केलाय, त्यांनी तीच क्लेप देण्यात अर्थ नाही.

प्रश्न कसे असतात? सनावळी पाठ करावी लागते का?

इतिहासाच्या क्लेपमध्ये ९० मिनिटांत साधारण १२० प्रश्न. एका प्रश्नाला पाऊण मिनिट. प्रत्येकाला पाच पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि शिफारस ५० ला आहे. हे ५० म्हणजे पन्नास टक्के नव्हेत. किती प्रश्न बरोबर आले, त्याचं या पट्टीवर केलेलं रूपांतर ते.

आता एक नमुना घेऊ. हा मीच रचलेला आहे, पण प्रश्नांचा बाज असाच असतो. ‘१८२० च्या मिसूरी तडजोडीने आखलेली गुलामगिरीची सीमारेषा कोणत्या कायद्याने रद्द झाली?’ पर्याय : १७८७ चा वायव्य प्रदेशाचा वटहुकूम, १८५० ची तडजोड, १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८६२ चा होमस्टेड कायदा.

सन पाठ असणाऱ्याला इथे फारशी मदत नाही, कारण पर्यायात सन दिलेलेच आहेत. हवं ते हे : मिसूरी तडजोडीने ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरीला मनाई केली. कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने तो प्रश्न तिथल्या रहिवाशांच्या मतावर सोपवला आणि रेषा मोडीत निघाली. मग कॅन्ससमध्ये रक्तपात, रिपब्लिकन पक्षाचा जन्म, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल, १८६० मध्ये लिंकन. ही साखळी ज्याच्या डोक्यात आहे, त्याला पाऊण मिनिट भरपूर झालं. पहिला पर्यायही मुद्दाम ठेवलाय, कारण त्यातही गुलामगिरीला मनाई होती. ज्याने वरवर वाचलंय तो तिथेच अडकतो. १८५० ची तडजोड हाही तसाच फसवा पर्याय. शब्द ओळखीचा, प्रदेश मात्र वेगळा.

तर उत्तर असं, की सनावळी नको, क्रम हवा. आधी काय, नंतर काय आणि कशामुळे काय.

भारतात शाळेत जे शिकलो, ते काही कामी येतं का?

वाटतं त्यापेक्षा जास्त येतं. आपल्याला जगाचा इतिहास इंग्रजांच्या बाजूने नाही तर इंग्रजांच्या विरुद्ध बाजूने शिकवला गेला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध समजून घ्यायला ही बैठक चांगली आहे.

बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये समुद्रात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. म्हणजे जिने पुढे दोनच वर्षांत आपल्याकडे मराठ्यांशी पहिलं युद्ध मांडलं, तीच. ते युद्ध १७७५ ते १७८२. अमेरिकेतलं १७७५ ते १७८३. एकाच वेळी दोन खंडांवर. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये वॉशिंग्टनपुढे ज्याचं सैन्य शरण आलं, तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपूविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात मराठे त्याच्या बाजूने लढले आणि बंगालमध्ये १७९३ ला कायमधारा पद्धत त्यानेच आणली. शाळेत आपण त्याला फक्त कायमधाऱ्यापुरता ओळखतो, अमेरिकन मुलं फक्त यॉर्कटाउनपुरता.

यादवी युद्धाचंही तसंच. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडची बंदरं नाकेबंदीत सापडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला टेकले. शेअरचा आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचा सट्टा पेटला. १८६५ मध्ये तिथल्या दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याची बातमी आली आणि सगळा डोलारा बसला. मुंबईचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद त्यात बुडाले. राजाबाई टॉवरला त्यांनीच देणगी दिली होती आणि तो त्यांच्या आईच्या नावाने आजही उभा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

परीक्षेत यातलं काही विचारणार नाहीत. पण हे माहीत असणाऱ्याला त्या काळाचे सन आणि कारणं विसरायला होत नाहीत. जिथे आपण उघडे पडतो ते म्हणजे मध्ययुगीन चर्च, धर्मसुधारणेतले पंथ आणि अमेरिकन राज्यघटनेची यंत्रणा. ल्युथर आणि कॅल्व्हिन यांत फरक काय, पोप आणि सम्राट कशावरून भांडत होते, अध्यक्षाचा नकाराधिकार काँग्रेस कसा उलटवते, यावर वेळ घालवा.

अभ्यास कशातून करू? क्लास लावायला हवा का?

क्लास नको. कॉलेज बोर्डाचं अधिकृत मार्गदर्शक पुस्तक घ्या. त्यातला नमुना पेपर घड्याळ लावून सोडवा आणि जिथे चुकलात तो काळ पाठ्यपुस्तकात वाचा. मॉडर्न स्टेट्स ही ना-नफा संस्था क्लेपच्या तयारीचे कोर्स फुकट देते आणि कोर्स पुरा केल्यावर परीक्षेच्या शुल्काचं व्हाउचरही देते. हे खरं आहे, फसवणूक नाही. पुष्कळांना विश्वास बसत नाही म्हणून सांगितलं. गावचं सार्वजनिक ग्रंथालय तर आहेच.

परीक्षा कुठे द्यायची? ओळखपत्राची भानगड काय असते?

क्लेप बहुधा जवळच्या कॉलेजातल्या परीक्षा केंद्रात देता येते. घरून कॅमेऱ्यासमोर द्यायचीही सोय आहे. केंद्र आपलं वेगळं शुल्क घेतं.

नावाचं मात्र आधी बघा. हे आपल्या लोकांचं खास दुखणं आहे. नोंदणी ज्या नावाने केली, तेच नाव फोटो असलेल्या सरकारी ओळखपत्रावर हवं. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर तिसरंच काही. परीक्षा, पदवीचं मूल्यांकन आणि विद्यापीठातला प्रवेश या तिन्हीकडे पासपोर्टवरचं नावच द्या आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवा. नाहीतर क्रेडिट्स एका सुनंदाच्या नावावर आणि प्रवेश दुसरीच्या, असं होऊन बसतं.

माझी भारतातली बी.कॉम. आहे. ती वाया जाणार का?

मुळीच नाही. ती सगळ्यांत मोठी शिदोरी आहे. डब्ल्यूईएससारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तुमच्या भारतातल्या शिक्षणाचं कोर्सवार मूल्यांकन करून घ्या. तुमच्या विद्यापीठाला कोणत्या संस्थांचं चालतं, ते आधी विचारा. फक्त ‘ही पदवी अमुकच्या बरोबरीची’ एवढं सांगणारा साधा अहवाल घेऊ नका, कोर्सवार अहवालच लागतो. भारतातल्या विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट निघायला वेळ लागतो. तिकडे कोणी भाऊ-बहीण खेटे घालायला तयार असेल, तर आजच फोन करा.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. आधीची पदवी असताना दुसरी बॅचलर पदवी घेताना विद्यापीठं नव्याने मिळवलेल्या काही क्रेडिट्सची अट घालतात. आणि खरं सांगायचं तर, तुमची बी.कॉम. चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली गेली, तर इतिहासाच्या दुसऱ्या बी.ए.पेक्षा थेट इतिहासाच्या एम.ए.कडे जाता येतं का, ते आधी तपासा. काही विद्यापीठं त्याआधी इतिहासाचे चार-पाच कोर्स करून या म्हणतात. तेवढंच करणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

हिंदी येतं, त्याचं क्रेडिट मिळतं का?

मिळू शकतं. क्लेपमध्ये भाषा म्हणून स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन एवढ्याच. पण एसीटीएफएल या परभाषा-शिक्षणाच्या अमेरिकी संस्थेची तोंडी चाचणी फोनवरून होते आणि त्यात हिंदी आहे. मुलाखत घेणारा तुमच्याशी अर्धा तास गप्पा मारतो, हळूहळू प्रश्न अवघड करत नेतो. मुंबईची बंबैया हिंदी तिथे जरा आवरती घ्या.

बाकीची क्रेडिट्स कशाने भरायची?

ज्यात हात आहे त्याने. गणितात बरे असाल तर कॉलेज अल्जिब्रा, वाणिज्य शाखेचे असाल तर अर्थशास्त्राच्या दोन्ही परीक्षा, विज्ञानाला नॅचरल सायन्सेस ही ६ क्रेडिट्सची. इंग्रजी लेखनाची कॉलेज कॉम्पोझिशन मात्र टाळू नका. तिच्यात प्रत्यक्ष निबंध लिहावे लागतात आणि इतिहासवाल्याला तो सराव हवाच.

वरच्या पातळीची क्रेडिट्स कुठून आणायची?

इथे सगळ्यांची गाडी अडते. इतिहासाच्या बी.ए.त मुख्य विषयाची तीसेक क्रेडिट्स लागतात आणि त्यातली बरीचशी वरच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीची. क्लेपचा इतिहास खालच्या पातळीचा. डीएसएसटीने एखाद-दुसरा कोर्स भागतो. उरलेलं विद्यापीठाच्या स्वतःच्या ऑनलाइन कोर्समधून किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजच्या ऑनलाइन कोर्समधून आणायचं. स्टडी डॉट कॉमसारखे, अमेरिकन कौन्सिलची शिफारस असलेले स्वस्त कोर्सही काही जण घेतात आणि ते नियमात बसतं.

तरी किमान दोन-तीन कोर्स असे घ्या, जिथे एखादा प्राध्यापक तुमचा लेख वाचून लाल शाई ओततो. पुढे एम.ए.ला शिफारसपत्रं लागतात आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर शिफारसपत्र देत नाही. शिवाय परीक्षेच्या क्रेडिटला ग्रेड नसते, नुसतं ‘क्रेडिट मिळालं’ एवढीच नोंद. सगळं तसंच भरलं, तर तुमचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, मोजायला हाती काही उरत नाही.

कॅपस्टोन म्हणजे काय? त्याची भीती वाटते.

शेवटचा प्रकल्प. स्वतःचा विषय, स्वतः शोधलेली साधनं, लांब लेख. थॉमस एडिसनमध्ये बी.ए.ला तो विद्यापीठातच करावा लागतो, परीक्षा देऊन सुटका नाही.

भीती वाटायचं कारण नाही, कारण इथे मराठी माणसाकडे एक गोष्ट असते जी वर्गात दुसऱ्या कोणाकडे नसते : मराठी. अमेरिकेबद्दल मराठीत लिहिलेलं एकोणिसाव्या शतकातलं साहित्य वाचता येणारे विद्यार्थी इथे किती असतील? आनंदीबाई जोशींचं घ्या. त्या अमेरिकेत आल्यावर कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या, ते गाव रोझेल, न्यू जर्सी. एडिसनहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून त्या १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या, पुढे जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्या कॉलेजचे जुने कागद आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जपानच्या ओकामी आणि दमास्कसच्या इस्लामबुली या तिथल्याच विद्यार्थिनींबरोबर लुगड्यात बसलेल्या आनंदीबाईंचा तो प्रसिद्ध फोटोही त्यातलाच. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत आहेत.

म्हणजे एका बाजूला मराठी पत्रं आणि पुस्तकं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी कागद आणि दोन्ही तुमच्या आवाक्यात. अमेरिकन स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास एका मराठी विद्यार्थिनीच्या नजरेतून लिहायला घेतलात, तर प्राध्यापक खुर्चीत सरसावून बसेल. विषय निवडताना ‘शिवाजी महाराजांचं महान कार्य’ असलं अघळपघळ काही नको. एक माणूस, दहा वर्षं, एक प्रश्न.

एकूण खर्च किती येतो?

क्लेप किंवा डीएसएसटीची एक परीक्षा शंभर डॉलरच्या आसपास, वर केंद्राचं शुल्क. तेवढ्यात ३ क्रेडिट्स. विद्यापीठाच्या कोर्सला एका क्रेडिटलाच काही शे डॉलर पडतात, यावरून फरक समजेल. पण नुसती परीक्षांची बेरीज करून ‘दोन-तीन हजारात पदवी’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अर्ज, मूल्यांकन, कॅपस्टोन, वरचे कोर्स, पदवीदानाचं शुल्क हे सगळं धरा. विद्यापीठात ठरावीक क्रेडिट्स प्रत्यक्ष घेतली नाहीत, तर त्याबद्दलही काही ठिकाणी वेगळं आणि दणदणीत शुल्क लागतं.

ही पदवी खरी असते का? नुसती कागदी तर नाही?

विद्यापीठाची अधिस्वीकृती बघा. थॉमस एडिसन आणि एक्सेल्सियर यांना मिडल स्टेट्स आयोगाची आहे. प्रिन्स्टन आणि कोलंबियालाही त्याच आयोगाची आहे. कुठल्याही संस्थेचं नाव अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत शोधता येतं. ‘तुमच्या अनुभवावर पंधरा दिवसांत पदवी’ असं म्हणणारा फोन आला, तर ठेवून द्या.

भारतात परत गेलो तर चालेल का?

सरकारी नोकरी, एमपीएससी, नेट-सेट, तिथली प्राध्यापकी यांसाठी ही पदवी धरून चालू नका. परदेशी पदवीला समकक्षता देताना भारतात प्रत्यक्ष वर्गात बसून केलेल्या शिक्षणाची अट पाहिली जाते आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी तिथे अडते. परत जायचं नक्की असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू बघा. खर्चही कितीतरी कमी. खासगी कंपन्यांचं वेगळं, त्या आपापलं ठरवतात.

एच-फोरवर चालतं का? यावर एफ-वन मिळेल का?

एच-फोरवर शिकायला आडकाठी नाही. कामाचा परवाना हा वेगळा विषय. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, मात्र पूर्ण ऑनलाइन पदवीवर मिळत नाही. एफ-वनवाल्याला पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स धरता येतो. तुमच्या परिस्थितीबद्दल वकिलाला विचारा, शेजाऱ्याला नको.

या पदवीवर शाळेत इतिहास शिकवता येईल?

नुसत्या पदवीवर सरकारी शाळेत नाही. राज्याचा परवाना लागतो. न्यू जर्सीत सोशल स्टडीजसाठी त्या विषयांची पुरेशी क्रेडिट्स, प्रॅक्सिस ही शिक्षकांची परीक्षा आणि ठरावीक जीपीए बघतात. वर ग्रेडबद्दल जे म्हटलं, ते इथे थेट लागू होतं. शिक्षक व्हायचं असेल, तर परीक्षांवर भर कमी ठेवा.

नापास झालो तर?

कोणाला कळत नाही. तुम्ही पाठवल्याशिवाय गुण कुठे जात नाहीत. क्लेपची तीच परीक्षा तीन महिन्यांनी पुन्हा देता येते.

गुण विद्यापीठाला कसे पाठवायचे?

क्लेप देतानाच एका विद्यापीठाचं नाव दिलं, तर तिथे गुण फुकट जातात. नंतर पाठवायचे तर पैसे पडतात. बहुतेक परीक्षांचे गुण संपल्याबरोबर पडद्यावर दिसतात, निबंध असलेल्या कॉलेज कॉम्पोझिशनला मात्र काही आठवडे थांबावं लागतं. कॉलेज बोर्ड हे गुण २० वर्षं जपून ठेवतं, म्हणून आत्ता प्रवेश घेतला नसला तरी परीक्षा देऊन ठेवायला हरकत नाही. फक्त कोणत्या विद्यापीठात जायचं ते मनाशी पक्कं असू द्या आणि त्यांच्या सल्लागाराची ‘ही परीक्षा आम्ही अमुक कोर्सच्या जागी धरतो’ अशी ईमेल जपून ठेवा.